माझ्या नावाने मागितलेले पैसे

२७ जानेवारी २०२४, शनिवार. आदल्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुटी, तो चौथा शनिवार आणि दुसऱ्या दिवशी रविवार. बँका सलग तीन दिवस बंद होत्या. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष रविवारच्या बोरन्हाणाकडे होतं. नातवाची पहिली संक्रांत. काळ्या झबल्यावर घालायचे हलव्याचे दागिने त्याच्या आत्याने पुण्याहून कुरियरने पाठवले होते आणि ते अजून पोचले नव्हते. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी ओट्यावर चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या सगळं मांडून झालं होतं. दागिन्यांवाचून अडलं होतं.

सव्वाअकराला फोन आला. माणूस हिंदीत, अगदी आदबीने बोलत होता. "मॅडम, आपका पार्सल है." एवढंच तो म्हणाला. मीच विचारलं, "पुणे से आया है ना?" त्यापुढे तो प्रत्येक वाक्यात पुणे म्हणायला लागला. पुणे हा शब्द त्याचा नव्हता, मी त्याच्या हातात दिला होता, हे मला दोन दिवसांनी, सगळं पुन्हा पुन्हा आठवताना कळलं.

तो म्हणाला, डिलिव्हरीवाल्या मुलाला घर सापडत नाहीये, त्याच्याशी तुमचा फोन जोडून देतो, मी सांगतो तसं दाबा. आधी स्टार, मग चार-शून्य-एक, पुन्हा स्टार, मग त्या मुलाचा दहा आकडी नंबर, आणि मग हिरवं बटण. मी दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चमकून गेलं, तेवढ्यात कढईतले तीळ तडतडले आणि मी फोन ओट्यावर ठेवला.

त्याने ओटीपी मागितला असता तर मी तिथल्या तिथे फोन बंद केला असता. पिन सांगायचा नाही, कार्डाचा नंबर सांगायचा नाही, अनोळखी लिंक उघडायची नाही, हे मला पाठ होतं. भजनी मंडळातल्या बायकांना मीच ते बजावत असे. पण या माणसाने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. उलट त्याने मलाच एक नंबर दिला. आपल्याकडून काही काढून घेतलं तरच चोरी होते, एवढ्यावरच माझी सगळी सावधगिरी उभी होती.

मी दाबला तो कॉल फॉरवर्डिंगचा आकडा होता. त्या क्षणापासून माझ्या नंबरावर येणारा प्रत्येक फोन माझ्याकडे न वाजता त्या माणसाकडे वाजू लागला. मग त्याने आपल्या मोबाईलवर व्हॉट्सॲप उघडून त्यात माझा नंबर टाकला. व्हॉट्सॲप खात्री करायला सहा आकडी कोड पाठवतं. तो संदेशाने माझ्या फोनवर आला, मी पाहिलाही नाही. पण संदेश मिळाला नाही तर कोड फोन करूनही सांगितला जातो. त्याने तो पर्याय निवडला, फोन आला, आणि तो अर्थातच त्याच्याकडेच गेला. माझं व्हॉट्सॲप त्याच्या हातात गेलं तेव्हा मी तिळाचे लाडू वळत होते.

फोन फार शांत होता. बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी निदान दहा जणी विचारतात, किती वाजता येऊ, काय आणू. त्या दिवशी एकही घंटी नाही. बाराच्या सुमारास व्हॉट्सॲप उघडलं तर हा नंबर या फोनवर आता नोंदलेला नाही असा इंग्रजी मजकूर दिसला. मुलगा आणि सूनबाई वाणाचं सामान आणायला राजवाड्यावर गेले होते. आल्यावर बघू म्हटलं.

सव्वा वाजता शेजारच्या वहिनी आल्या. दारातच उभ्या राहून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "ताई, घरी काही अडचण आहे का? संकोच करू नका हो." मला कळेना. त्यांनी फोन पुढे केला. माझा फोटो, माझं नाव आणि खाली रोमन अक्षरांत हिंदी मजकूर. एक मदत हवी आहे, माझं यूपीआय चालत नाहीये, पंचवीस हजार पाठवता का, "कल सुबह वापस कर दूंगा".

वहिनी म्हणाल्या, "मी पाठवणारच होते. मग ते 'दूंगा' दिसलं. म्हटलं, तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलेली बाई स्वतःला दूंगा कशी लिहील?"

इंदूरात आम्ही मराठी माणसं दिवसभर हिंदी बोलतो. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, पुष्कळदा आपसातही. त्यामुळे निरोप हिंदीत आला म्हणून कुणालाच खटकलं नाही. पुण्यात एखाद्या आजीकडून असा हिंदी निरोप गेला असता तर लोक थबकले असते. इथे थबकले नाहीत. आमच्या शहराची ही सवय मला फार प्रिय आहे आणि चोराने नेमका तिचाच फायदा घेतला, याचं मला आजही वाईट वाटतं.

वहिनींची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती धावत आली. तिने माझ्या फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडलं, तर 'सगळे कॉल' या ओळीखाली एक अनोळखी नंबर बसलेला. तिने तो बंद केला, वर ##००२# हेही दाबलं. हे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून सेटिंग उघडून डोळ्यांनी बघावं, असं तिने मला शिकवलं. फॉरवर्डिंग बंद झालं आणि मिनिटभरात फोन वाजायला लागला. एकामागून एक. पहिला माझ्या मावसबहिणीचा होता, दुसरा नाटकाच्या गटातल्या एकांचा. सगळे तासभर मला फोन लावत होते.

यातलं सर्वांत भयंकर काय, तर ज्या माणसांनी शहाणपणा केला, पैसे पाठवण्याआधी मला फोन करून विचारायचं ठरवलं, त्यांचेही फोन त्या चोराकडेच गेले. 'फोन करून खात्री करा' हा सल्ला सगळे देतात. त्या दिवशी तोच सल्ला पाळून माणसं खड्ड्यात गेली.

त्यांतले एक आमचे काका. वय ब्याऐंशी, लोकमान्यनगरात राहतात, माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांनी आपल्या घरच्या जुन्या लँडलाइनवरून मला फोन लावला होता. पलीकडून तरुण आवाज आला, "मम्मी किचन में हैं अंकल, मैं उनका बेटा बोल रहा हूँ, आप भेज दीजिए." काकांनी माझ्या मुलाला कडेवर खेळवलंय. तो मला आई म्हणतो आणि काकांना आजोबा. पण घरात अडचण आहे, मुलाच्या आवाजात घाई आहे, एवढंच त्या म्हाताऱ्या जिवाला ऐकू आलं. बारा पन्नासला त्यांनी नातवाने शिकवल्याप्रमाणे फोनवरून पंचवीस हजार रुपये पाठवले. स्वतःचा पिन स्वतः टाकून.

मी त्यांच्याकडे स्कूटरवरून गेले तेव्हा ते मलाच धीर देत होते. "अगं, पैशांचं काय एवढं, तू बरी आहेस ना?" त्यांना अजून वाटत होतं की माझ्या घरी खरंच काहीतरी झालंय. तिथे, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून, मला रडू कोसळलं.

पण रडायला वेळ नव्हता. शेजारच्या मुलीने सांगून पाठवलं होतं की आधी १९३० लावा, बाकी सगळं नंतर. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. केंद्राच्या गृहमंत्रालयाच्या यंत्रणेत बसतो आणि फोन आपापल्या राज्याचे पोलीस घेतात. एक चाळीसला काकांच्या लँडलाइनवरून लावला. पलीकडच्या बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. कुणाचे पैसे गेले, कोणत्या बँकेतून, खात्याचे आकडे, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो काकांच्या फोनमधल्या व्यवहाराच्या पानावर होता. चष्मा कपाळावर चढवून, एकेक आकडा बोटाने दाबून ते वाचत होते आणि मी मोठ्याने सांगत होते. दहा मिनिटांत काकांच्या मोबाईलवर तक्रारीची पावती आली. (आमच्याकडच्या सरकारी हिंदीतही तिला पावतीच म्हणतात, मराठी राजवटीने मागे ठेवलेल्या शब्दांतला तो एक.) त्या क्रमांकावर चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची होती, ती आम्ही तिथेच बसून मुलाच्या मदतीने भरली.

तक्रार गेल्यावर नेमकं काय होतं, हे मला नंतर एका पोलीस अधिकाऱ्याने कागदावर रेघा ओढून समजावलं. काकांच्या बँकेला सूचना जाते. बँक बघते, पैसे कुठल्या खात्यात गेले. ते खातं ज्या बँकेत, तिथे पुढची सूचना. तिथे पैसे शिल्लक असतील तर तेवढे गोठतात, ज्याला ते होल्ड म्हणतात. पुढे सरकले असतील तर सूचनाही त्यांच्या मागे पुढच्या बँकेत. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तीन-चार खात्यांतून फिरवतो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून काढतो. ती खाती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची, दोन-चार हजारांच्या भाड्याने घेतलेली. पोलीस त्यांना म्यूल खाती म्हणतात. म्हणजे पुढे पैसे पळतात आणि मागून तक्रार पळते. म्हणून बँक उघडायची वाट बघायची नसते. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर काही हाती लागलं नसतं.

काकांचे अठरा हजार रुपये दुसऱ्या खात्यात गाठले गेले आणि तिथे गोठले. सात हजार निघून गेले होते.

त्या दुपारी दुसरं काम व्हॉट्सॲप परत मिळवण्याचं. नवा कोड मागवला, मधे बराच वेळ थांबावं लागलं, मग तो संदेशाने आला. तो टाकताच चोर बाहेर फेकला गेला. पण जाण्याआधी त्याने माझ्या खात्यावर आपला वेगळा सहा आकडी पिन लावून ठेवला होता. तो पिन आपल्याला माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. चोर बाहेर आणि मीही बाहेर, असे सात दिवस. मी स्वतः आधीच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला असता तर फोनवरून कोड ऐकूनही त्याला आत शिरता आलं नसतं. सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. दोन मिनिटांचं काम. हे वाचणाऱ्याने ते आजच करावं, वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्याने निरोप कुणाकुणाला पाठवले हे शोधायला दोन दिवस लागले. माझं जुनं बोलणं त्याला दिसलं नव्हतं, ते माझ्या फोनमध्येच होतं. पण मी ज्या ज्या गटात होते ते गट, आणि त्यांतली सगळी माणसं, त्याच्यापुढे आपोआप आली. भजनी मंडळ, भिशी, नाटकांच्या तिकिटांचा गट, निवृत्त शिक्षकांचा गट. माझी सख्खी बहीण एकाही गटात नाही, तिला काहीच गेलं नव्हतं. मी वही घेऊन बसले आणि गटांतल्या एकेका माणसाला फोन लावला. एकशे चाळीस नावं. काहींनी मला ब्लॉक केलं होतं, ते बरोबरच केलं होतं. काहींनी हसून विचारलं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही कशा फसलात? हा प्रश्न मला फार लागला. म्हातारी माणसं फसतात, अडाणी माणसं फसतात, असं म्हटलं की विचारणाऱ्याला स्वतःपुरतं सुरक्षित वाटतं. पण मला ज्याने फोन केला तो मूर्ख माणसं शोधत नव्हता. तो वाट बघणारी माणसं शोधत होता. पार्सलाची, निकालाची, पेन्शनची, परदेशातल्या मुलाच्या फोनची. वाट न बघणारं माणूस कुठे आहे?

एकशे चाळिसांत भिशीतली माझी एक मैत्रीण होती. फोनवर ती म्हणाली, "नाही गं, मी कुठे पाठवले." तिचा आवाज मला बरोबर वाटला नाही. पण मीही त्या दिवसांत माणसांच्या डोळ्याला डोळा द्यायला घाबरत होते, म्हणून खोदून विचारलं नाही. तिने पंधरा हजार पाठवले होते. यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले, त्यांना न सांगता. तीन आठवड्यांनी, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आली तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने मला हे सांगितलं. आम्ही त्याच दिवशी १९३० लावला, पोर्टलवर तक्रार भरली. पण पैसे जाऊन वीस दिवस झाले होते. कुठल्याही खात्यात एक रुपया उरला नव्हता.

काकांनी पन्नास मिनिटांत तक्रार केली आणि अठरा हजार थांबले. तिने वीस दिवसांनी केली आणि काहीच थांबलं नाही. दोघांच्या हुशारीत काही फरक नव्हता. काकांना नवऱ्याला तोंड दाखवायचं नव्हतं, तिला दाखवायचं होतं, एवढाच फरक. फसवणूक करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की माणूस आधी लाजेल आणि मग बोलेल. त्या मधल्या वेळात त्याचं सगळं काम होऊन जातं.

मी तिला पंधरा हजार द्यायला निघाले. माझ्या नावावर गेले होते, माझ्या शब्दावर तिने दिले होते. ती घेईना. "तू कुठे मागितलेस?" म्हणाली. कायद्याने कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं, पण कायदा मला रात्री झोपू देत नव्हता. शेवटी भिशीतल्या बायकांनी मार्ग काढला. त्या महिन्याची चिठ्ठी काढलीच नाही, भिशी तिला दिली. गेलेले पैसे त्याने परत आले नाहीत, ते तिचेच गेले. पण ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आणि त्याच संध्याकाळी तिने यजमानांना सगळं सांगितलं. ते तिला एवढंच म्हणाले की त्याच दिवशी का नाही बोललीस. ती म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी पोलिसांकडेही गेले. तिथे मला पहिला प्रश्न विचारला गेला, तुमचे किती गेले? मी म्हटलं, माझा एक पैसाही गेला नाही. मग तक्रार कशाची, म्हणून तिथला शिपाई मला परत पाठवायला निघाला होता. आत बसलेल्या अधिकाऱ्याने मात्र बसवून घेतलं. त्याने सांगितलं, माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-सी आहे, दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्याबद्दल, आणि ६६-डी, दुसरा कुणी असल्याचं भासवून संगणकाच्या साधनाने फसवण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ओळखीची चोरी. तो शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की माझंही काहीतरी गेलंय आणि त्याला नाव आहे. मी आवेदन लिहिलं. हिंदीत, शुद्ध, दीड पान. कुणाचे पैसे गेले नसले तरी ज्याचं खातं बळकावलं गेलं त्याने आपली वेगळी तक्रार केलीच पाहिजे. नाहीतर उद्या त्या नंबरावरून झालेल्या गोष्टींचा जाब कुणी विचारला तर हातात कागद नसतो.

काकांनी त्यांच्या बँकेत जाऊन विचारलं की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान होत नाही. तो नियम खरा आहे, जुलै २०१७ चा. पण तो ग्राहकाच्या परवानगीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे. त्रयस्थाने कुठूनतरी शिरून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही. काकांनी स्वतः पिन टाकला होता, म्हणून त्यांना तो लागू झाला नाही. हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे चोर घरात शिरला तर भरपाई, आणि मी दार उघडून त्याला आपला समजून चहा पाजला तर नाही." मला यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

गोठलेले अठरा हजार आपोआप परत आले नाहीत. त्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. पोलिसांचा अहवाल, काकांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, सुपुर्दगीनामा. अर्ज आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली टाइप केला होता. काकांचं आजारपण आलं, अहवालाला वेळ गेला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. तोच विषय आता कलम ५०३ मध्ये गेला, म्हणून वकिलांनी अर्ज पुन्हा टाइप करवला. मी प्रत्येक तारखेला काकांबरोबर गेले. बाकावर बसून ते मला १९५० च्या सुमारचं इंदूर सांगायचे. सप्टेंबरात आदेश झाला, पैसे खात्यात आले.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. आकडे दाबून कॉल फॉरवर्डिंग सुरू करायची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली, याच फसवणुकीमुळे. मी ती बातमी दोनदा वाचली. आपल्यासारख्या कितीतरी जणांनी दीड-दीड पानं लिहिली असतील, तेव्हा कुठे हे झालं असेल, असं मला वाटतं. तरीही कुणी फोनवर स्टार-हॅश दाबायला सांगितलं तर मी दाबणार नाही. सवयीचा आकडा बदलतो, युक्ती तीच राहते.

त्याच वर्षी मार्चमध्ये दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर चक्षू नावाची सोय सुरू झाली. पैसे गेलेले नसतील पण फोन किंवा संदेश संशयास्पद असेल तर तिथे कळवायचं; पैसे गेले असतील तर १९३०. मी आता येईल तो प्रत्येक असला संदेश कळवते. आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, केवायसी अपूर्ण आहे, गाडीचं चलान या फाइलमध्ये बघा. त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती उघडली की फोनमध्ये चोराचं ॲप बसतं आणि आपले संदेश त्याला दिसायला लागतात. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखालीही ती येते. चक्षूवर नोंद करायला तीन-चार मिनिटं लागतात.

संचार साथीवर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत हेही दिसतं. माझ्या नावावर दोन निघाले. दुसऱ्या नंबरासमोर तीन पर्याय होते: हा माझा नाही, आता गरज नाही, गरज आहे. तो यांचा नंबर होता. सहा वर्षांपूर्वी हे गेले, पण मी त्या नंबराचं रिचार्ज चालू ठेवलंय. मी 'गरज आहे' निवडलं.

गेल्या वर्षी पुन्हा एक फोन आला. "मॅडम, आपके नाम का एक पार्सल पकड़ा गया है." मुंबई क्राइम ब्रँचचं नाव, आधार कार्डाचे शेवटचे चार आकडे, मागे वायरलेसचा आवाज. व्हिडिओ कॉलवर या म्हणाला, घरात कुणाला सांगू नका म्हणाला. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे मला माहीत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये ते सांगितलं होतं. तरी माझे हात थरथरले. मी फक्त विचारलं, "पार्सल कहाँ से आया है?" आणि गप्प बसले. या वेळी शहराचं नाव माझ्याकडून जाऊ दिलं नाही. तो दोन क्षण अडखळला. 'घरात कुणाला सांगू नका' हे त्याने दुसऱ्यांदा म्हटल्यावर मी फोन बंद केला, सूनबाईला हाक मारली आणि तिला सगळं मोठ्याने सांगितलं. मग चक्षूवर नोंद केली. मग काकांच्या लँडलाइनवर फोन लावला, कारण असे फोन एका वस्तीत लागोपाठ फिरतात.

काका आता माझा आवाज ऐकूनही लगेच बोलत नाहीत. आम्ही एक खूण ठरवली होती. ती हल्लीच बदलली, म्हणून इथे लिहिता येते. त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता खरा कुरियरवाला आला होता. कुठलाही फोन न करता, बेल वाजवून. डबा उघडला तेव्हा हलव्याचा एक बाजूबंद वाटेत मोडलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला एकाच दंडात बाजूबंद घालून आम्ही बोरं-चुरमुऱ्यांनी न्हाऊ घातलं. काका त्या बोरन्हाणाला आले होते, पुढच्या खुर्चीत बसले होते.

"कुठला मोडला होता?" काकांनी विचारलं.

"डावा."

"हं. बोल आता."